टाचण्यांचा नकाशा

मेंदूत उद्भवणारा लिम्फोमा हा कर्करोग मोठ्या माणसांतही क्वचितच आढळतो. मुलांमध्ये तर तो इतका विरळ, की मोठ्या शहरातल्या कर्करोगतज्ज्ञालाही आपल्या साऱ्या कारकिर्दीत अशी मुले बोटांवर मोजण्याइतकीच भेटावीत. पण ज्या घरात हा आजार येतो, त्या घराला त्याच्या विरळपणाचा काय दिलासा? सकाळी उठल्याउठल्या डोके दुखणे, कारण नसताना उलट्या, एकाचे दोन दिसणे, धावणारे मूल चालताना तोल जाऊन भिंतीचा आधार घेऊ लागणे, आणि मग स्कॅनवर दिसणारा तो डाग. तिथून पुढे त्या कुटुंबाचे कॅलेंडरच बदलून जाते.

अशा मुलांवर आज उपचार होतात आणि त्यातली पुष्कळशी मुले बरी होऊन पुन्हा शाळेत जातात. या उपचारांच्या वाटेचा माग मी मागे मागे काढत गेलो, तेव्हा ती वाट लंडन-न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळांतून वळणे घेत एका अनपेक्षित जागी पोचली. ती जागा म्हणजे युगांडातल्या कंपाला शहराचे मुलागो हे सरकारी इस्पितळ. तिथे काम करणाऱ्या एका डोळ्याच्या आयरिश सर्जनचे नाव होते डेनिस बर्किट.

बर्किट लिम्फोमा हे नाव डॉक्टरकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. ज्याच्या नावाचा रोग तो माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. मला त्याच्याविषयी कुतूहल वाटत आले ते एका साध्या कारणासाठी. कर्करोगाच्या इतिहासात मोलाची भर घालणाऱ्या या माणसाजवळ ना प्रयोगशाळा होती, ना मोठे अनुदान. त्याच्याजवळ होता एक कॅमेरा, आफ्रिकेचा एक नकाशा आणि भरपूर टाचण्या.

त्याची कथा सांगण्यापूर्वी लिम्फोमा म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे. आपल्या रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. रोगजंतूंशी लढणारे हे शरीराचे सैन्य. गळ्यात, काखेत, जांघेत असलेल्या गाठी म्हणजे या सैन्याच्या छावण्या. यातली एखादी पेशी बिघडली आणि आवर न घालता वाढू लागली, की लिम्फोमा होतो. बर्किट यांच्या नावाचा लिम्फोमा तर वाढीच्या वेगासाठी कुप्रसिद्ध आहे. त्याच्या पेशींची संख्या एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. आठवड्यापूर्वी हसत-खेळत असलेले मूल ओळखू येऊ नये, इतका हा वेग.

डेनिस बर्किट यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९११ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागातल्या एनिस्किलेन या गावी झाला. वडील जेम्स हे त्या परगण्याचे सर्व्हेयर, म्हणजे रस्ते-पुलांचे काम पाहणारे इंजिनिअर. त्यांना पक्ष्यांचा नाद होता. १९२०च्या दशकात त्यांनी घराच्या परिसरातल्या रॉबिन पक्ष्यांच्या पायांत खुणेची कडी अडकवली आणि कोणता पक्षी कोणत्या तुकड्यावर आपला हक्क सांगतो, याचे नकाशे काढले. पक्षिशास्त्रात त्यांचे हे काम पायाभूत मानले जाते. मुलगा हे सारे पाहतच वाढला. पुढे तो ज्या कामासाठी ओळखला गेला, त्याचा कित्ता त्याच्या डोळ्यांसमोर घरच्या बागेतच गिरवला जात होता, असे मला वाटते.

डोळ्यांसमोर म्हणायचे ते एकाच डोळ्यासमोर. डेनिस अकरा वर्षांचा असताना शाळकरी पोरांच्या दोन टोळ्यांत दगडफेक झाली. एक दगड त्याच्या चष्म्यावर बसला, काच फुटली आणि उजवा डोळा कायमचा गेला. अभ्यासात तो फार चमकणारा नव्हता. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्याने वडिलांच्या वाटेने इंजिनिअरिंगला नाव घातले. पण तिथे धर्मनिष्ठ मित्रांच्या सहवासात आपले आयुष्य सेवेसाठी आहे, ही भावना त्याच्या मनात पक्की झाली आणि तो वैद्यकाकडे वळला. १९३५ मध्ये तो डॉक्टर झाला, १९३८ मध्ये एडिंबरोची शल्यविद्येची फेलोशिप मिळवली. आफ्रिकेत काम करायची इच्छा होती. परंतु एका डोळ्याचा सर्जन वसाहतींच्या वैद्यकीय सेवेला चालेना. त्याचा अर्ज नाकारला गेला.

दार उघडले ते महायुद्धामुळे. सैन्याच्या वैद्यकीय दलातून बर्किट पूर्व आफ्रिकेत आणि पुढे सिलोनमध्ये जाऊन आले. १९४३ मध्ये ऑलिव्ह रॉजर्स या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, तीच वसाहत सेवा त्यांना घ्यायला राजी झाली आणि त्यांची नेमणूक झाली उत्तर युगांडातल्या लिरा या आडगावी. अफाट मुलूख आणि त्यासाठी हा एक सर्जन. तिथे हायड्रोसीलच्या, म्हणजे अंडकोशात पाणी साठण्याच्या, शस्त्रक्रिया करता करता त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. हे रुग्ण जिल्ह्याच्या पूर्व भागातून भराभर येत, पश्चिम भागातून जवळजवळ येतच नसत. दुसरा एखादा सर्जन टाके घालून मोकळा झाला असता. बर्किट यांनी गावोगावची टिपणे काढली आणि त्यावर निबंध लिहिला. रोग कसा आहे याच्या जोडीला तो कुठे आहे आणि कुठे नाही, हे विचारायची सवय त्यांना इथेच लागली.

१९४८ मध्ये ते कंपालाच्या मुलागो इस्पितळात आले. १९५७ साली तिथले वैद्यकतज्ज्ञ ह्यू ट्रॉवेल यांनी त्यांना एक मूल पाहायला बोलावले. पाच वर्षांचा मुलगा, चेहरा विद्रूप झालेला. वरच्या-खालच्या दोन्ही जबड्यांना, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सूज. दात हलू लागलेले. जंतुसंसर्ग म्हणावा तर तो एकदम चारी ठिकाणी कसा? गाठ म्हणावी तर तीही चारी ठिकाणी कशी? बर्किट यांना उत्तर सापडले नाही. त्यांनी मुलाचे फोटो काढून ठेवले.

काही आठवड्यांनी ते जिंजा गावच्या इस्पितळात फेरीसाठी गेले होते. वॉर्डाच्या खिडकीतून सहज बाहेर पाहिले, तर हिरवळीवर आईजवळ एक मुलगी बसलेली. तिचा चेहरा तसाच. तेही चारी ठिकाणी. ते तडक बाहेर गेले, मुलीला तपासले, तर तिच्या पोटातही गाठी लागल्या. एक रुग्ण म्हणजे विचित्र योगायोग. तसाच दुसरा रुग्ण दिसला की तो योगायोग राहत नाही. त्या मुलीला घेऊनच ते कंपालाला परतले.

मग सुरू झाले जुनी दप्तरे उलटणे. मुलागोमधल्या शवविच्छेदनांच्या नोंदींतून दिसले, की मुलांच्या जबड्यातली ही गाठ आणि मूत्रपिंड, यकृत, बीजांडकोश इथल्या गाठी हे वेगवेगळे रोग म्हणून नोंदले जात होते. प्रत्येक तज्ज्ञाने आपापल्या अवयवापुरती नोंद केली होती. हे सारे एकच प्रकरण असावे, असे बर्किट यांनी मांडले. १९५८ मध्ये ब्रिटिश शल्यविद्येच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. हा लिम्फोमाचा प्रकार आहे, हे मुलागोच्याच विकृतिशास्त्रज्ञांनी पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले.

बर्किट यांच्या मनात मात्र लिराचाच प्रश्न घोळत होता. हा रोग कुठे आहे आणि कुठे नाही? सरकारकडून मिळालेल्या २५ पौंडांच्या किरकोळ रकमेतून त्यांनी रोगी मुलांची छायाचित्रे असलेली सुमारे हजार पत्रके छापली आणि आफ्रिकाभरच्या सरकारी व मिशनच्या इस्पितळांना धाडली. असे मूल तुमच्याकडे येते का, एवढाच त्यातला सवाल. उत्तरे येऊ लागली तसतशा नकाशावर टाचण्या टोचल्या जाऊ लागल्या. हळूहळू विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना आफ्रिकेच्या कमरेभोवती बांधल्यासारखा एक पट्टा उमटला. त्याचे एक शेपूट पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरत होते.

पट्ट्याची कड नक्की कुठे, हे पत्रांवरून कळेना. म्हणून ऑक्टोबर १९६१ मध्ये बर्किट स्वतःच निघाले. २५० पौंडांत घेतलेली जुनी फोर्ड स्टेशन वॅगन, सोबत टेड विल्यम्स आणि क्लिफ नेल्सन हे दोन डॉक्टर मित्र. टेड विल्यम्स मिशनच्या एका छोट्या इस्पितळात काम करणारे आणि गाडी दुरुस्त करण्यात वाकबगार. दहा आठवडे, दहा हजार मैल, पन्नासहून अधिक इस्पितळे. टांगानिका, न्यासालँड, ऱ्होडेशिया, मोझांबिक करत ते थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचले. प्रत्येक मुक्कामी तिथल्या डॉक्टरांना फोटो दाखवायचे, नोंदवह्या चाळायच्या आणि पुढे निघायचे.

परतल्यावर चित्र स्पष्ट झाले. विषुववृत्ताजवळ पाच हजार फुटांच्या वर हा रोग दिसत नव्हता. जसजसे दक्षिणेकडे जावे, तसतशी ही उंचीची मर्यादा खाली उतरत होती. म्हणजे खरी कड उंचीची नव्हती, तापमानाची होती. जिथे पारा १६ अंशांच्या खाली जातो, तिथे हा रोग नव्हता. जिथे पाऊस वर्षाला २० इंचांहून कमी, तिथेही नव्हता. ऊब आणि ओल यांच्या हद्दीत राहणारा कर्करोग! अशी हद्द तर डासांची असते, मलेरियाची असते. कर्करोगाचे कोडे सोडवायला हवामानाचा तक्ता उपयोगी पडेल, असे तोवर कुणाच्या फारसे मनात आले नव्हते.

त्या प्रवासाआधी काही महिने, २२ मार्च १९६१ रोजी, बर्किट यांनी लंडनच्या मिडलसेक्स इस्पितळात व्याख्यान दिले होते. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन नावाचे तरुण संशोधक बसले होते. कोंबड्यांना कर्करोग देणाऱ्या विषाणूवर त्यांचे काम चालू होते. हवामानाशी बांधलेला कर्करोग ऐकताच, यामागे विषाणू असणार, असे त्यांच्या मनाने घेतले. मग कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला जाऊ लागले. दोन-अडीच वर्षे हाती काही लागले नाही. १९६३च्या डिसेंबरात धुक्यामुळे एक विमान मँचेस्टरला उतरवले गेले आणि नमुना उशिरा पोचला. बाटलीतले द्रव गढूळ झालेले. जंतू पडले समजून टाकूनच द्यायचे. पण आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर ते गढूळपण होते मोकळ्या तरंगणाऱ्या जिवंत पेशींचे. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढल्या आणि १९६४ मध्ये एपस्टाइन, बर्ट अचाँग व इव्हॉन बार यांनी त्यांच्यात एक नवा विषाणू दाखवला. माणसाच्या कर्करोगाशी नाते सांगणारा हा पहिला विषाणू, एपस्टाइन-बार.

हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात निमूटपणे वस्तीला असतो, हे पुढे कळले. तुमच्या-माझ्याही शरीरात तो बहुधा आहे. मग सगळ्यांना रोग का होत नाही? आफ्रिकेतल्या त्या पट्ट्यात वारंवार होणारा मलेरिया मुलांच्या प्रतिकारशक्तीला थकवतो, विषाणूवरचा पहारा ढिला पडतो, आणि पेशीतल्या दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन तिच्या वाढीचा लगाम तुटतो, असे आज मानले जाते. ज्या मुलांची प्रतिकारशक्ती एचआयव्हीने, जन्मजात दोषाने किंवा अवयव-रोपणानंतरच्या औषधांनी दुबळी झालेली असते, त्यांच्या मेंदूतल्या लिम्फोमातही हाच विषाणू सापडतो. जबड्याच्या गाठीवरून सुरू झालेला तपास असा मेंदूपर्यंत येऊन पोचला.

पण बर्किट सर्जन होते आणि त्यांच्यासमोरची मुले मरत होती. जबड्यातल्या या गाठी कापून संपत नसत. किरणोपचाराची सोय युगांडात नव्हती. उरली औषधे. इथे आपल्या देशाचा एक धागा जुळतो. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली फॉलिक ॲसिडचे विरोधक अशी औषधे तयार झाली. त्यातल्या अमिनॉप्टेरिनने बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना काही काळ का होईना, बरे करून दाखवले. सुब्बाराव १९४८ मध्येच गेले. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट १९६०च्या सुमारास कंपालात पोचले.

बर्किट यांनी ते आणि पुढे सायक्लोफॉस्फमाइड व व्हिन्क्रिस्टिन ही औषधे मुलांना दिली. परिणाम थक्क करणारा होता. काही दिवसांत गाठ विरघळे आणि आईला आपल्या लेकराचा चेहरा परत मिळे. पैसे नव्हते, दूरवरच्या खेड्यांतून आलेली माणसे पुन्हा येतीलच याची खात्री नव्हती, त्यामुळे पुष्कळ मुलांना एक-दोन मात्राच मिळाल्या. तेवढ्यावरही काही मुले कायमची बरी झाली. निव्वळ औषधांनी घन गाठीचा कर्करोग पुरता बरा होऊ शकतो, ही गोष्ट तेव्हा श्रीमंत देशांतही स्वप्नासारखी होती.

आनंदाला गालबोट लागले ते मेंदूचे. चेहरा नीट झालेले मूल काही आठवड्यांनी परत येई ते पापणी मिटलेली, डोळा हलत नाही, तोंड वाकडे झालेले, कधी दोन्ही पाय लुळे. रक्तातून दिलेले औषध मेंदू आणि मज्जारज्जूच्या भोवतालची तटबंदी ओलांडून पुरेसे आत जात नव्हते आणि रोग नेमका तिथे दडून बसत होता. १९६७ मध्ये कंपालात लिम्फोमा उपचार केंद्र सुरू झाले. तिथले डॉक्टर पाठीच्या कण्यातून सुई घालून मेथोट्रेक्सेट थेट मज्जाद्रवात देऊ लागले. पुढे शिरेतून इतक्या मोठ्या मात्रेत हे औषध देण्याची पद्धत आली, की त्याचा काही अंश मेंदूत पोचावा. आणि शरीराला इजा होऊ नये म्हणून मागोमाग उतारा द्यायचा. मुलांच्या मेंदूतच सुरू होणाऱ्या त्या विरळ लिम्फोमावरचे आजचे उपचारही मुख्यतः याच पायावर उभे आहेत. मोठ्यांपेक्षा मुलांना त्याचा गुण अधिक येतो. आई-बापांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

बर्किट १९६६ मध्ये इंग्लंडला परतले. खरे तर इथवरचे कामही एका आयुष्याला पुरेसे होते. पण त्यांची टाचण्यांची खोड गेली नाही. आफ्रिकेतल्या खेड्यांत बद्धकोष्ठ, मूळव्याध, आतड्याचा कर्करोग हे विकार इतके कमी आणि पश्चिमेत इतके जास्त, हे असे का? कोंडा काढलेले, गाळलेले, चाळलेले अन्न हे त्यांना सापडलेले उत्तर. त्यातल्या काही दाव्यांवर पुढे वाद झाले; परंतु आहारातल्या तंतुमय पदार्थांचे महत्त्व जगाच्या गळी उतरवणाऱ्यांत ते अग्रभागी होते. १९७९चे त्यांचे आहारावरचे पुस्तक घरोघर गेले. १९७२ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सभासदत्व दिले. २३ मार्च १९९३ रोजी ग्लॉस्टर इथे, वयाच्या ८२व्या वर्षी, ते गेले.

थोरांची चरित्रे लिहिताना आपल्याला एकच मूर्ती घडवायची सवय असते. या कथेत ती घडवणे मला अन्यायाचे वाटते. छायाचित्रांच्या पत्रकाला उत्तर लिहिणारे आडगावचे डॉक्टर, नोंदवह्या नीट ठेवणारे मिशनरी, लेकराच्या गाठीचा तुकडा द्यायला संमती देणाऱ्या आया, आणि ज्यांच्या शरीरावर हे सारे ज्ञान लिहिले गेले ती मुले, यांच्यावाचून टाचणी टोचायला जागाच नव्हती. ती मुले एका गुलाम मुलखातली होती. ज्ञान तिथून निघाले आणि लंडन-न्यूयॉर्कला जाऊन मोठे झाले.

याचा हिशेब अजून चुकता झालेला नाही. श्रीमंत देशांत बर्किट लिम्फोमा झालेल्या दहा मुलांपैकी नऊच्या आसपास आज बरी होतात. ज्या पट्ट्यात तो प्रथम ओळखला गेला, तिथे मात्र अनेक ठिकाणी निम्मी वाचली तरी पुष्कळ. औषध ठाऊक आहे, पद्धत ठाऊक आहे. मूल उशिरा पोचते, मध्येच पैसे संपतात, गावी पेरणी असते, बसचे भाडे नसते, आणि अर्ध्यावर सोडलेला उपचार रोगाच्याच कामी येतो. हे वर्णन वाचताना आपल्याला युगांडाची कल्पना करावी लागत नाही. मोठ्या शहरातल्या कोणत्याही कर्करोग इस्पितळाबाहेरच्या फुटपाथवर, सतरंजी अंथरून, स्टोव्हवर भात शिजवत बसलेली कुटुंबे आपण पाहिलेली असतात.

म्हणून मला वाटते, की बर्किट यांचा प्रश्न आज उलट्या बाजूने विचारायला हवा. रोग कुठे आहे, हे आता बरेच समजले आहे. औषध कुठवर पोचते आणि कोणत्या गावापाशी ते थांबते, याचा नकाशा जिल्ह्याजिल्ह्याने काढायला हवा. त्याला फार मोठी यंत्रे लागत नाहीत. उपचार अर्धवट सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाचे गाव नोंदवहीत लिहायचे, भिंतीवरच्या नकाशात तिथे एक टाचणी टोचायची आणि टाचण्यांची दाटी जिथे दिसेल तिथे गाडी काढून जायचे.